2003 च्या युद्धाआधी इराकने शस्त्र तपासणीच्या अटी पाळल्या होत्या का?

नाही पाळल्या. पण ज्यांच्यासाठी तपासणी होती त्या रासायनिक, जैविक, अण्वस्त्रांचे साठेही नव्हते. टीव्हीवर चर्चा करणाऱ्यांना या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे झेपतच नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या 1991 च्या ठराव 687 नुसार ही शस्त्रं निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट करायची होती. इराकने त्याच उन्हाळ्यात बराच माल कुणालाही न बोलावता गुपचूप संपवला. पुढं हिशेब जुळेना.

आमचं परभणीच्या मोंढ्यात कृषी सेवा केंद्र आहे, म्हणून हे मला लगेच कळतं. थोरल्या भावानं एका साली मुदत संपलेल्या मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या बाटल्या बांधाला खड्डा करून पुरल्या. कंपनीला कळवलं नाही, नोंद नाही. तपासणी आली तेव्हा साठा रजिस्टरला माल शिल्लक आणि गोदाम रिकामं. निरीक्षकांनी त्या ओळीवर ठेवलेलं बोट काही उचललं नाही. "माल गेला कुठं?" "साहेब, पुरला." "पंचनामा?" खड्डा उकरला तर नुसत्या काचा, चिखल आणि डोकं उठवणारा वास. काय मोजणार? ऐन कापसाच्या फवारणीत परवाना निलंबित झाला. आमचे दाजी तेव्हापासून चारचौघांत म्हणतात, विकलाच असणार.

इराकचं तर आणखी वाईट. 1995 ला सद्दामचा जावई, शस्त्रांचा कारभार पाहिलेला हुसेन कामेल जॉर्डनला पळाला आणि लगेच एका कोंबड्यांच्या फार्मवर शस्त्रांच्या लपवलेल्या कागदांच्या पेट्या 'सापडल्या'. मग इराकच्या 2002 च्या बारा हजार पानांच्या खुलाशावर कोण विश्वास ठेवणार? तरी मार्च 2003 मध्ये 150 किलोमीटरच्या मर्यादेबाहेर जाणारी अल-समूद क्षेपणास्त्रं तोडणं चालू होतं आणि निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स तपासणीला आणखी काही महिने मागत होते. इराक आफ्रिकेतल्या नायजरकडून युरेनियम घेतोय असं दाखवणारे कागद बनावट आहेत, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बरादेईंनी 7 मार्चला सुरक्षा परिषदेत सांगितलं. 20 मार्चला हल्ला झाला. 2004 ला अमेरिकेच्याच शोधपथकाचा अहवाल आला, साठे नव्हते.

अर्थात सद्दाम काही संत नव्हता, 1988 ला हलब्जा गावातल्या कुर्दांवर सोडलेला विषारी वायू विसरू नका, संशय घेणारे सगळेच लबाड नव्हते. इराकला शेवटची संधी देणाऱ्या 2002 च्या ठराव 1441 ने युद्धाला परवानगी मिळते का, हा वकिलांचा वाद, त्यात मी पडत नाही.

कुणाशी वाद घालणार असाल तर आधी ठरवून घ्या, भांडण मालाचं आहे की हिशेबाचं. आणि दाजी, ताई हे तुम्हाला दाखवेलच: माल विकला असता तर त्या दिवाळीला वहिनीच्या पाटल्या गहाण कशाला पडल्या असत्या?