काम आणि पैसे यांच्यामधले महिने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विमा कंपनीत दहा वर्षांची नोकरी, डोंबिवली ते लोअर परळ असा रोजचा प्रवास, तीन दिवाळी अंकांत प्रसिद्ध झालेल्या कथा, एका दैनिकातील वर्षभराचे सदर आणि सहा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी शिल्लक, या बळावर राजीनामा देऊन पूर्णवेळ मुक्त लेखन करावे का, आणि एका जाहिरात संस्थेने मागितलेली अडीच हजार शब्दांच्या अनुवादाची विनामूल्य चाचणी द्यावी का. मी २००६ पासून मुंबईत लेखन आणि अनुवाद यांवरच घर चालवतो. माझ्या मते राजीनामा आत्ता देऊ नये, आणि त्याचे कारण तुमच्या लेखनात नसून सहा महिन्यांच्या त्या हिशेबात आहे.

शिल्लक सहा महिने पुरेल असे म्हणताना आपण नकळत असे धरून चालतो की पहिल्या महिन्यात केलेल्या कामाचे पैसे दुसऱ्या महिन्यात हाती येतील. पगाराची सवय असलेल्या माणसाला हे स्वाभाविक वाटते. मुक्त लेखकाच्या बाबतीत ते क्वचितच घडते. एखाद्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेचे काम घ्या. ते मिळेपर्यंत एक महिना जातो, मजकूर विपणन विभागाकडून कायदा विभागाकडे आणि तेथून दुरुस्त्यांसह तुमच्याकडे परत येण्यात आणखी काही आठवडे जातात, मग पुरवठादार म्हणून तुमची नोंद व्हायची असते, आणि बिल स्वीकारले गेल्यावर ४५ किंवा ६० दिवसांची मुदत सुरू होते. माझ्या पहिल्या मोठ्या कामाचे पैसे पाचव्या महिन्यात आले. दैनंदिन मालिकांच्या लेखनात तर भाग प्रसारित झाल्यानंतर ९० दिवसांनी पैसे मिळणे हीच रूढी आहे. दिवाळी अंकांचे वेळापत्रक तुम्हाला ठाऊकच आहे: कथा उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात द्यायची, अंक दिवाळीत, आणि मानधन आलेच तर नव्या वर्षात. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने मुंबईत सुरू केलेली ही परंपरा मला मनापासून प्रिय आहे, पण तिच्या भरवशावर वीजबिल भरता येत नाही.

म्हणून शिल्लक किती महिन्यांची आहे याऐवजी काम आणि पैसे यांच्यामध्ये किती महिने जातात, हे आधी मोजावे. हे अंतर मोजण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे नोकरीत असतानाच सुट्टीच्या दिवसांत तीन वेगवेगळ्या ठिकाणची सशुल्क कामे करून पाहणे. त्याआधी आपल्या नियुक्तीपत्रात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे का, हे वाचावे, आणि असल्यास रीतसर परवानगी मागावी. तिन्ही कामांच्या तारखा वहीत लिहून ठेवा: चौकशी, होकार, मजकूर दिल्याचा दिवस, बिल, जमा रक्कम. सरासरी अंतर चार महिने निघाले, तर तुमच्या सहा महिन्यांच्या शिल्लकीत चुकायला फक्त दोन महिने उरतात.

हे अंतर कमी करण्याची जी साधने कायद्याने दिली आहेत, ती आपल्यातील फार थोडे लोक वापरतात. लेखन आणि अनुवाद ही सेवा आहे, त्यामुळे सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करता येते. ती विनाशुल्क आहे आणि तिच्यासाठी कोणा दलालाला पैसे देण्याची गरज नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. व्याजासाठी कोणी भांडत बसावे असे मी म्हणत नाही. मात्र बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की लेखा विभागाचे वागणे बदलते, कारण अशी थकबाकी मुदतीत चुकती न केल्यास ती देईपर्यंत कंपनीला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. नोंदणी काम हाती घेण्यापूर्वी झालेली असावी. वाद उद्भवल्यावर ती करून फारसा उपयोग होत नाही.

करकपात हाही याच अंतराचा भाग आहे. एका ग्राहकाकडून वर्षाला ५० हजारांहून अधिक व्यावसायिक शुल्क मिळाले की त्यातून १० टक्के कर कापला जातो, आणि तुमचे उत्पन्न बेताचे असेल तर ती रक्कम विवरणपत्र भरल्यानंतरच परत मिळते. म्हणजे कमाईचा दहावा भाग वर्षभर आपल्या हाती नसतो, हे गृहीत धरावे. वस्तू व सेवा कराची चिंता वार्षिक उलाढाल २० लाखांच्या जवळ जाईपर्यंत सहसा करावी लागत नाही.

माझी स्वतःची फजिती २०१३ मधली आहे. एका संस्थेसाठी मी सात महिने मजकूर लिहिला, सर्व बोलणी फोनवर झाली, आणि १ लाख १० हजार रुपये थकलेले असताना माझ्याशी बोलणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी अगदी नम्रपणे विचारले की हे काम तुम्हाला कोणी सांगितले होते, आणि मला दाखवायला एकही ओळ नव्हती. अर्धी रक्कम मिळाली, तीही ओळखीने. तेव्हापासून फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मी ईमेल पाठवतो: कामाचे स्वरूप, शब्दसंख्या, दर, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, पैसे किती दिवसांत. नव्या ग्राहकाकडून तीस टक्के रक्कम आगाऊ घेतो. एखाद्याने नकार दिला तर वाईट वाटून घेत नाही.

आता कामाविषयी. तुम्ही कथा आणि सदर यांना भांडवल समजता आहात; मला तुमची विमा कंपनीतील दहा वर्षे अधिक मोलाची वाटतात. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड यांची मुख्यालये मोठ्या संख्येने याच शहरात आहेत आणि त्यांना मराठी मजकूर सतत लागतो, पण त्यांच्याकडे येणारा अनुवाद बहुधा विषय न कळणाऱ्याने केलेला असतो. समर्पण मूल्य म्हणजे काय, हप्ता चुकल्यावर पॉलिसी केव्हा बंद पडते, नामनिर्देशन आणि वारसाहक्क यांत फरक कोणता, हे जिला कामातून ठाऊक आहे तिला यंत्राने केलेल्या अनुवादाचीही फारशी भीती नाही, कारण यंत्राची चूक ओळखण्यासाठीच तिला बोलावले जाईल. अशा कामाचा दरही टिकतो. सामान्य विषयांच्या मजकुराचे दर मात्र यंत्रानुवाद आल्यापासून घसरले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

कथांचा विचार वेगळ्या खात्यात करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेलेच असावे लागते, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. त्यामुळे दिवाळी अंकाला कथा छापायला दिली म्हणून तिचे श्राव्य किंवा पडद्यावरचे हक्क आपोआप गेले, असे होत नाही. पटकथेकडे वळलात तर मसुदा कोणालाही दाखवण्यापूर्वी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्याची नोंदणी करावी.

राहिली चाचणी. दोनशे-तीनशे शब्द विनामूल्य करून देण्यात गैर काही नाही. समोरच्याला आपला हात कसा आहे हे पाहायचे असते. अडीच हजार शब्द म्हणजे मात्र आख्खी पुस्तिका होते, आणि प्रति शब्द दोन रुपये धरले तरी ते पाच हजारांचे काम आहे. त्यांना कळवा की पहिले ३०० शब्द चाचणी म्हणून करून देते, उरलेल्या मजकुराचे दरपत्रक सोबत जोडले आहे. त्यावर उत्तर आले नाही, तर तोच मजकूर आणखी काही जणांकडे ‘चाचणी’ म्हणून गेला आहे असे समजण्यास हरकत नाही. असा एक तुकडा मीही सुरुवातीच्या काळात फुकट लिहून दिला होता, आणि पुढे तीन महिन्यांनी लोकलमध्ये दाराशी उभा असताना तो शब्दशः डब्यातल्या जाहिरातीत वाचला.