डिस्ट्रिब्युटर बदलण्याआधी शाफ्ट हलवून बघा

डिस्ट्रिब्युटर म्हणजे जुन्या पेट्रोल गाडीत प्रत्येक स्पार्क प्लगला पाळीपाळीने करंट पोहोचवणारा भाग. गाडी मिसिंग करते, म्हणजे मध्येच ठिणगी चुकून झटके देते, म्हणून लगेच त्याचं कॅप (वरचं झाकण), रोटर (शाफ्टवर फिरणारा तुकडा), सीबी पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असं सगळं नवं आणू नका. आधी इग्निशन बंद करा, कॅप काढा आणि शाफ्टचं टोक बोटांत धरून आडवं हलवून बघा. हाताला स्पष्ट प्ले (ढिलेपणा) जाणवला तर बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी कडी, झिजलंय. मग पॉइंटचा गॅप कितीही नीट लावला तरी टिकणार नाही, कारण शाफ्ट डुलला की गॅप प्रत्येक कॅमला (शाफ्टवरच्या उंचवट्याला) वेगळा पडतो. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावली तर इंजिनच्या पुलीवरची खूण एका जागी न थांबता नाचताना दिसते. नवशिके नेमकं हेच तपासायचं विसरतात आणि पॉइंटवर पॉइंट बदलत बसतात.

आता रोटर फिरण्याच्या दिशेने थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. सुस्त आला, तर खालची वजनं (इंजिनचा वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) जाम आहेत किंवा स्प्रिंग गेलीय. डिस्ट्रिब्युटरला जोडलेल्या व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडाने हवा ओढा. बेसप्लेट (पॉइंट बसवलेली पाटी) सरकली पाहिजे आणि नळीचं टोक जिभेने बंद केल्यावर तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्राम (ही पाटी ओढणारा आतला पातळ पडदा) फाटलाय.

कॅप आतून पुसून उजेडात धरा. दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर करंट तिथून पळतोय. ती खरवडू नका, कॅपच बदला. मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा खाली-वर होतोय ना, तेही बघा. पॉइंट फार लवकर जळत असतील तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी कमी करणाऱ्या छोट्या डबीवर) संशय घ्या.