वर्गणी उरली, आता द्यायची कुणाला?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणी यंदा सगळा खर्च जाऊन ४०,००० च्या आसपास उरली. मागच्या गल्लीत एक ट्रस्ट अभ्यासिका चालवतो, दहावी-बारावीची आणि एमपीएससीची पोरं बसतात, संध्याकाळी लहान मुलांना कबड्डी पण शिकवतात. आम्ही काही जण म्हणतोय पैसे त्यांना देऊ. पण मिटिंगमध्ये बाकीचे म्हणतात पैसे नको, पंखे घेऊन देऊ, सोसायटीचं नाव तरी राहील, रोख दिले तर पगारातच जातील. काय करावं? (एक सेक्रेटरी, डोंबिवली)

उत्तर: सेक्रेटरीसाहेब, पगारात गेले म्हणजे वाया गेले हे कुणी ठरवलं? आपल्याकडे शाळा असो देऊळ असो, वर बघितलं की पंख्याच्या पात्यावर लाल ऑइलपेंटने ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असतंच, पण तो पंखा फिरायला लागणारी लाइट कोण भरतंय ते विचारायला कुणी जात नाही. अभ्यासिकेचा खरा खर्च म्हणजे जागेचं भाडं, लाइट बिल, पाण्याचे जार, आणि सकाळी कुलूप उघडून रात्री पोरं गेल्यावर बंद करणारा जो कुणी असेल त्याचं मानधन. कबड्डीचं तेच, टी-शर्टवर नाव छापून द्यायला दहा जण येतात पण जिल्ह्याच्या स्पर्धेला पोरं न्यायची तर टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं कोचच्याच खिशातून जातं. त्यामुळे माझं मत सरळ आहे, पैसेच द्या, आणि रोजच्या खर्चाला म्हणूनच द्या.

पण डोळे झाकून नाही हां. आधी एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास न कळवता चक्कर मारा, खुर्च्या भरलेल्या आहेत का, मुलं मॅटवर आहेत का नुसता बोर्डच आहे ते पाच मिनिटांत कळतं. मग धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर मागा (ई किंवा एफ अक्षराने सुरू होणारा असतो बहुतेक), आणि मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट. चांगल्या संस्थेला हे मागितल्याचा राग येत नाही, उलट फाइल काढून समोर ठेवतात आणि वर चहा पाजतात. ‘अहो एवढा पण विश्वास नाही का’ असं कुणी म्हणालं की चहा पिऊन निघायचं.

आता तुमच्या घरचं. लोकांनी पैसे गणपतीसाठी दिलेत, त्यामुळे कमिटीतल्या चौघांनी परस्पर ठरवू नका, सगळ्यांना बोलावून रीतसर ठराव करा आणि रजिस्टरवर सह्या घ्या. दुसरं म्हणजे तुमचं मंडळ स्वतः ट्रस्ट म्हणून नोंदलेलं नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे वर्गणीची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब पण द्यावा लागतो. ती घेतली असेलच असं धरतो. त्या हिशेबात ही देणगी दिसली पाहिजे, म्हणून चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावती फाइलला लावा.

आणि ज्यांना नाव हवंच आहे त्यांच्यासाठी एक तोड आहे, दारात पाटी लावायला सांगा की ‘या वर्षीचं लाइट बिल अमुक सोसायटीतर्फे’. मला तर पंख्यापेक्षा हे जास्त भारी वाटेल.

प्रश्न: भाचा न्यू जर्सीला असतो, आता तिकडचा सिटिझन झाला. गावातल्या मुलींच्या वसतिगृहाला पैसे पाठवायचे म्हणतोय. माझ्या खात्यात पाठवले आणि मी दिले तर चालेल ना? (एक मावशी, सातारा)

उत्तर: नाही मावशी, ही पळवाट नको, तुम्ही अडकाल आणि बिचारं वसतिगृह पण अडकेल. भाच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असता तर प्रश्नच नव्हता, स्वतःच्या कमाईतले पैसे त्याने बँकेतून थेट दिले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण नागरिकत्व बदललं की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी तो परदेशी स्रोत. मग संस्थेकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. गावच्या छोट्या वसतिगृहाकडे हे सगळं असण्याची शक्यता कमीच. विचारून बघा. नसेल तर भाच्याला एफसीआरए असलेली जवळची दुसरी संस्था सुचवा, आणि वसतिगृहाला तुमच्या पेन्शनमधून जमेल ते तुम्ही द्या.

प्रश्न: नवीन छोट्या संस्था शोधायच्या कुठे? जाहिरात करणाऱ्या मोठ्याच दिसतात. (निवृत्त शिक्षिका, पुणे)

उत्तर: बाई, तुम्ही तर पुण्यातच आहात. पितृपक्षात ‘देणे समाजाचे’ प्रदर्शन भरतं, तिथे संस्थांचे कार्यकर्ते स्वतः स्टॉलवर बसलेले असतात, हवं ते तोंडावर विचारता येतं. शिवाय ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमातून दरवर्षी दहा संस्थांची ओळख छापतं, जुन्या याद्या काढून वाचल्या तरी आपल्या जिल्ह्यातलं काहीतरी सापडतं.

प्रश्न: मी एका संस्थेला ५,००० रुपये रोख दिले, पावती आहे, पण सीए म्हणतो ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, मिळणार नाही. संस्था खोटी आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: संस्था खरी असेल हो, तुम्ही रोख दिलेत तिथे घोळ झाला. २,००० च्या वर रोख दिलं की सवलत नाही. आणि तुम्ही नवीन कररचना घेतली असेल तर चेकने देऊनही मिळाली नसती. पुढच्या वेळी यूपीआय करा आणि पॅन नंबर द्यायला विसरू नका, कारण संस्थेने तुमची देणगी आयकर खात्याकडे कळवली तरच सवलतीसाठी लागणारं सर्टिफिकेट निघतं, नुसत्या पावतीवर आता भागत नाही.