मुलं ‘हो सर’ म्हणतात आणि टर्फवर आपलंच खेळतात

“मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात. टर्फवर उतरले की ये रे माझ्या मागल्या.” एका सरकारी खात्याच्या हॉकी संघाचे प्रशिक्षक वैतागून माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) ही तक्रार मी अनेक प्रशिक्षकांकडून ऐकते.

सरांना हाफ कोर्ट प्रेस हवा होता. म्हणजे चेंडू गेला की फॉरवर्डनीही (गोल करायला पुढे असणाऱ्यांनीही) मधल्या रेषेमागे यायचं, समोरच्याला कडेला रेटायचं. माझ्या टेबलावरची कपबशी, पेनं, स्टेपलर मांडून त्यांनी सगळं समजावलं. वर प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांच्या भारतीय संघाचा दाखला. २०२४, पॅरिस ऑलिंपिक, उपांत्यपूर्व फेरी: बचावपटू अमित रोहिदासला १७व्या मिनिटाला रेड कार्ड, उरलेला सामना दहाजणांनी १-१ असा रोखला आणि ब्रिटनला शूटआउटमध्ये ४-२ ने हरवलं. तो व्हिडिओ मुलांना सहा वेळा दाखवला होता. बिचारी मुलं!

स्टेपलर म्हणजे फॉरवर्ड. मी विचारलं, “हा एवढा मागे पळत आला, तर त्याला काय मिळतं?”

सर गप्प.

उत्तर नंतर त्या फॉरवर्डनेच दिलं. “मॅडम, मी करारावर आहे. कायम व्हायचं तर कागदावर गोल दिसायला हवेत. मागे पळून दमतो, मग सर्कलमध्ये, गोलसमोर, पायच उचलत नाहीत. दमलो की सर बाहेर बसवतात. सगळ्यांना वाटतं, चुकला म्हणून काढला.”

सरांना जो माज वाटत होता, ती पोटाची काळजी निघाली. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात; पण सर नेमके चूक झाल्यावरच बदलायचे, त्यामुळे बाक म्हणजे शिक्षा. मी सुचवलं, फॉरवर्डना ठरलेल्या मिनिटांनी बाहेर घ्या, चांगलं खेळत असले तरी. आणि गोलांच्या शेजारी हिसकावलेले चेंडूही लिहा, तो कागद वरपर्यंत पाठवा. “हे कारकुनी काम माझं नाही,” म्हणाले. दोन आठवडे केलंही नाही.

चौथ्या भेटीला वही आणली. त्या फॉरवर्डच्या नावापुढे गोल १, हिसकावलेले चेंडू ९. त्याखाली सरांची सही.

मधल्या फळीतला सेंटर हाफ मात्र अजून वाद घालतो. त्याच्या मते कपबशी चुकीच्या जागी आहे. पुढच्या वेळी त्यालाच घेऊन या, म्हटलं.