कॉर्डलेस ड्रिलच्या १८ व्होल्टच्या बॅटरीचे सेल बाहेरून बदलून घ्यावेत का? आणि चार्जर रात्रभर लावून ठेवला तर चालतो का?

सेल बदलून घेता येतात. पण ज्या दुकानात "सेन्सर काढून टाकतो, मग चार्जर नाटकं करणार नाही" असं सांगतात, तिथून बॅटरी उचला आणि सरळ घरी या.

तुम्ही लिहिलंय की बॅटरी लावली की चार्जरचा लाल दिवा भराभर लुकलुकतो, बॅटरी चार्जिंग धरत नाही, आणि ओळखीचा दुकानदार कंपनीच्या निम्म्याहून कमी पैशात "जास्त एमएएचचे" (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) दहा सेल टाकून देतो म्हणतोय. "जास्त एमएएच" आणि "सेन्सर काढतो" ही दोन वाक्यं एकाच तोंडून आली की माझं डोकं फिरतं. रात्रभरचा प्रश्न त्यामुळे शेवटी घेतो.

असाच "नवा भरलेला" एक पॅक उघडल्यावर आत काय निघालं ते आधी वाचा. पॅक ४ अँपिअर-अवरचा, म्हणजे दोन-दोन सेल समांतर जोडलेले आणि असे पाच गट एकापुढे एक. तक्रार अशी की चार्जिंग पूर्ण होतं, पण काँक्रीटमध्ये भोक पाडताना मशीन मध्येच बंद पडतं आणि बॅटरी हातात धरवत नाही. चार्जरवरून काढल्या काढल्या मीटर लावला तर बरोबर २१.० व्होल्ट. हाच आकडा गिऱ्हाइकाला दाखवून पैसे घेतले होते. लिथियम-आयन सेल भरला की ४.२ व्होल्ट, पाच गटांचे एकवीस, हिशेब चोख. मग कव्हर उघडून एकेक गट मोजला: ४.३४, ३.९८, ४.१२, ४.३६, ४.२०. बेरीज करून बघा, एकवीसच येते. दोन गट हद्दीच्या बाहेर गेलेले, एक गट उपाशी, आणि बाहेरून सगळं आलबेल. ४.२ च्या वर गेलेल्या सेलमध्ये लिथियम ऋण पट्टीत शिरायचं सोडून तिच्यावर धातूच्या रूपात साचायला लागतं, आत वायू धरतो, आणि हे दर चार्जिंगला थोडं थोडं पुढे जातं. आग लागते ती बहुतेक वेळा अशाच गटातून.

गट असे बिघडले कशामुळे? दहापैकी चार सेल ३४ ग्रॅमचे निघाले. चांगला १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, या पॅकमधल्या गोल सेलचा आकार) ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. वजन कमी म्हणजे आत माल कमी. बाकीचे सहा वजनाला ठीक, पण नव्या निळ्या आवरणाखाली बुडाशी जुन्या वेल्डिंगचे व्रण होते. म्हणजे लॅपटॉपच्या टाकाऊ बॅटरीतून काढलेले. सगळ्यांवर मात्र "३००० एमएएच" छापलेलं. बाजारात ९८०० छापलेलेही मिळतात. या आकाराचा खरा सेल सहसा ३५००-३६०० च्या वर जात नाही.

आणि एमएएच खरे असते तरी ड्रिलच्या कामाचे नव्हते. ड्रिलला सेलमधून एका दमात किती करंट काढता येतो ते महत्त्वाचं. बिट अडकला की १८ व्होल्टचं मशीन ३० अँपिअर सहज ओढतं. दोन सेल समांतर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १५. पॉवर टूलसाठी बनवलेला सेल हे पेलतो. त्याचा आतला रोध २० मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणून आत साडेचार वॉट उष्णता होते. लॅपटॉपचा सेल साधारण ५ अँपिअरसाठी केलेला, आणि जुना झाला की रोध ८० मिलिओहमपर्यंत जातो. तेच १५ अँपिअर त्यातून गेले तर प्रत्येक सेलमध्ये १८ वॉट. आणि असे सेल बंद प्लास्टिकच्या डब्यात. चटका बसणार नाही तर काय.

पुढचं ऐका. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावायची असते, इथे सोल्डर थापलेलं. सेलच्या बुडावर सोल्डरिंग गन दहा-पंधरा सेकंद टेकवली की आतला प्लास्टिकचा पडदा जवळच्या भागात आकसतो. सेल त्या दिवशी मरत नाही, नंतर आतल्या आत शॉर्ट होतो. धन टोकावरची कागदी रिंग दोन सेलवर नव्हतीच. सेलचा पूर्ण पत्र्याचा डबा हा ऋण असतो आणि धन टोपी त्याच्या काठापासून जेमतेम मिलिमीटरभर दूर. मध्ये फक्त पातळ आवरण. मशीनच्या थरथरीने पट्टीची कड ते आवरण कापते. पॅकमधला मूळ बोर्ड, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट, तोही बदललेला, आणि नव्यावर प्रत्येक गट वेगळा मोजायची सोयच नाही, फक्त एकूण व्होल्टेज. म्हणून ती एकवीसची बेरीज कुणी पकडली नाही.

आणि सेन्सर. सेलला चिकटलेला तो मण्याएवढा थर्मिस्टर, गरम झाला की रोध कमी होणारा. नेहमीचा प्रकार २५ अंशांना १० किलोओम, आणि ६० अंशांना अडीच ते तीन किलोओमवर येतो. चार्जर हे वाचून ठरवतो की आत्ता भरायचं की थांबायचं. त्या जागी १० किलोओमचा साधा रेझिस्टर टाकलेला होता. चार्जरला कायम २५ अंश दिसणार, आत सेल शिजत असले तरी. यालाच "सेन्सर काढून टाकतो" म्हणतात. ही दुरुस्ती म्हणवून घेणाऱ्यांशी मी बोलणं सोडलंय, कारण प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: "अजून तरी एकही परत आली नाही." जळलेली बॅटरी कोण परत आणून देणार?

तर बदलायचेच असतील तर दुकानदाराला हे विचारा. सेल कोणत्या कंपनीचे, कोणत्या मॉडेलचे, आणि सलग किती अँपिअर देतात; १५ ते २० पेक्षा कमी सांगितलं किंवा "ते काय असतं" असं विचारलं तर विषय संपला. दहाही सेल एकाच लॉटचे हवेत, आणि वेल्ड करण्यापूर्वी त्यांचा व्होल्टेजमधला फरक ०.०२ च्या आत हवा. वेल्डिंग स्पॉटचंच. पट्टी शुद्ध निकेलची. निकेल चढवलेलं लोखंड असेल तर कानशीने खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवलं की गंजतं, कळतं. थर्मिस्टर आणि मूळ बोर्ड जागेवर. काम झाल्यावर पूर्ण चार्ज करून पाचही गटांचे आकडे समोर मोजून घ्या, एकूण आकडा नको. एक दिवस तशीच ठेवून परत मोजा. कुठल्याही दोन गटांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर परत करा. हे सगळं नीट करणारा माणूस निम्म्याहून कमी पैशात करून देत नाही, आणि मग कंपनीच्या बॅटरीच्या किमतीतला फरक फारसा उरत नाही.

अर्थात तुमची बॅटरी गेलीय हेच अजून सिद्ध झालेलं नाही. बऱ्याच चार्जरमध्ये भराभर लुकलुकणं म्हणजे "तापमान बरोबर नाही" किंवा "संपर्क नीट नाही". नक्की अर्थ मशीनसोबतच्या पुस्तिकेत असतो, ती कुणी उघडत नाही. काम संपल्या संपल्या गरम बॅटरी चार्जरवर चढवली तर तो नाकारणारच. तासभर सावलीत ठेवा. चार्जरचा प्लग काढून दोन्हीकडच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, मुलामा जातो. दुसरी बॅटरी मिळाली तर त्याच चार्जरवर लावून बघा. मग मीटर. १८ व्होल्टचा पॅक १२.५ च्या खाली गेला असेल तर सेल सरासरी अडीच व्होल्टच्या खाली आहेत, आणि तसेच काही आठवडे पडून असतील तर आतलं तांबं विरघळायला लागलेलं असू शकतं. असा पॅक चार्जर नाकारतो ते शहाणपण आहे. व्हिडिओ बघून दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावून त्याला "जागं" करू नका. जागं होतं, आणि तेच विरघळलेलं तांबं नको तिथे साचून शॉर्ट करतं.

"पूर्ण उतरवून मगच चार्ज करा" हा सल्ला देणारे काका प्रत्येक साइटवर असतात. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला आहे. लिथियमला उलट त्रास होतो. ताकद कमी वाटली की लावा. महिनोन्महिने ठेवायची असेल तर अर्धी भरून, मशीनमधून काढून, थंड जागी. मकिताच्या पुस्तिकेत चार्जिंगसाठी १० ते ४० अंश दिलेत. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ही अट पाळणं शक्यच नाही. तिथे सकाळी लावा.

चार्जरची पिन हा दुसरा घोळ. स्वस्त ड्रिलमध्ये चार्जर म्हणजे गोल पिनचा अडॅप्टर असतो. १२ व्होल्टच्या मशीनला १२.६ व्होल्टचा, २१ लिहिलेल्याला २१ चा, आणि पिन बहुतेक एकच. ("४८ व्हीएफ", "८८ व्हीएफ" असं छापलेल्या मशीनमध्येही बहुधा तेच पाच सेल असतात.) गावाकडे फवारणी पंपाचा चार्जर हाताशी असतो, १२ व्होल्ट लिहिलेला, पिन बसते, लावला ड्रिलला. तो शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी आहे, साडेचौदाच्या आसपास देतो. तीन सेलांत भागा: प्रत्येकी ४.८. पॅकमधला बोर्ड चांगला असेल तर तोडेल. या किमतीत बोर्ड चांगला असेलच यावर मी पैज लावणार नाही. एवढं करा, प्रत्येक चार्जरवर मार्करने मशीनचं नाव लिहून ठेवा.

आता रात्रभर. मूळ चार्जर, मूळ बॅटरी, दोन्ही धड असतील तर भरल्यावर तो स्वतः बंद करतो. लिथियमला वरून थेंब-थेंब भरत राहायची गरज नसते आणि चांगला चार्जर तसं करतही नाही. तरी लावू नका. बिघाड झाला तर तो चार्जिंगच्या वेळीच होण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हा घरात कुणी जागं हवं. शिवाय आपल्याकडे लाइन जाते-येते. न्यूट्रल तुटला तर घरात ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात, आणि चार्जरमधला कपॅसिटर फुटतो. २ अँपिअरच्या साध्या चार्जरवरही ४ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच तासांच्या आसपास भरते, मग रात्रीची घाई कशाला? फरशीवर किंवा कडाप्प्यावर ठेवून लावा, आजूबाजूला हातभर जागा मोकळी. गादीवर, सोफ्यावर नको. सुताराच्या भुशात आणि सनमायका चिकटवायच्या एसआर गोंदाच्या उघड्या डब्याजवळ तर नकोच.

चार्जिंगला असताना फुसफुस आवाज, गोडसर उग्र वास किंवा धूर आला तर भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद करा आणि खोलीबाहेर व्हा. धूर विषारी असतो, नाक दाबून बॅटरी उचलायला जाऊ नका. ही बॅटरी फुगून इशारा देईल अशी वाट बघू नका. फुगतात त्या मोबाइलच्या चपट्या बॅटऱ्या; पत्र्याचा गोल सेल थेट वाफ सोडतो. वीज तोडल्यावर, दुरून, भरपूर पाणी चालतं. ते सेल थंड करतं. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझतात, पण गरम सेल परत पेटतो.

"बॅटरीचं मशीन आहे, शॉक नाही, मग काय होणार" या वाक्याबद्दल एकच. वायरच्या मशीनचा प्लग काढून बिट बदलायची सवय असते. इथे प्लगच नाही म्हणून लोक चक (बिट धरणारा जबडा) हातात धरून बसतात आणि बोट ट्रिगरवर पडतं. बॅटरी काढा, मग चक सोडा. ग्राइंडरला तर नक्कीच. गार्ड काढून दात्यांचं लाकडाचं ब्लेड चढवणाऱ्या शटरिंगवाल्यांना सांगून उपयोग नाही, तुम्हाला सांगतो. आणि सुटी बॅटरी खिळ्या-स्क्रूंच्या पिशवीत टाकू नका, टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावा.

सगळे बाहेरचे दुरुस्तीवाले वाईट असं मी म्हणत नाही, आणि कंपन्या बॅटरीच्या ज्या किमती लावतात त्याचं समर्थनही करत नाही. नवी घेताना मात्र पॅकवर आयएस १६०४६ आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. जुनी घंटागाडीत टाकू नका, दाबताना पेटते. टोकांवर टेप लावून सर्व्हिस सेंटरला द्या. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

जाता जाता, अमेरिकेहून भाऊ-भाचा मशीन आणून देतो त्यांच्यासाठी: तिथला चार्जर बहुतेक वेळा १२० व्होल्टचाच असतो, आपल्या प्लगमध्ये घातला की संपला. मागे "इनपुट" काय लिहिलंय ते वाचा. प्रवासातला हलका कन्व्हर्टर त्याला चालत नाही, जड ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यापेक्षा त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा इथला २३० व्होल्टचा चार्जर घ्या. डिवॉल्टच्या तिथल्या "२० व्होल्ट मॅक्स" बॅटऱ्या आतून १८ व्होल्टच्याच आहेत आणि इथल्या १८ च्या चार्जरवर भरतात.