करिअर मार्गदर्शन : विषय बदलू नका, व्याप्ती आटोपशीर ठेवा

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॉडेलवरून यूजर इंटरफेस तयार करताना डिझाइनमधील पर्यायांचे व्यवस्थापन, हा विषय तिने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी निवडला आहे. स्क्रीन काढण्याच्या या कामाला नोकरीत किंमत मिळेल का? तिने विषय बदलावा का?
– एक पालक, मुलुंड

उत्तर : कृपया तिला विषय बदलायला लावू नका. मॉडेलवरून इंटरफेस, म्हणजे वापरणाऱ्यासमोरची स्क्रीन, तयार करण्याच्या पद्धतीत ती स्क्रीन थेट काढली जात नाही. आधी वापरणाऱ्याच्या कामाचे मॉडेल (त्याला काय करायचे आहे आणि कोणती माहिती लागते, याची नोंद), मग कोणत्याही उपकरणाशी न बांधलेला आराखडा, त्यानंतर विशिष्ट उपकरणासाठीचा आराखडा आणि शेवटी प्रत्यक्ष इंटरफेस, अशा चार पायऱ्या २००३ च्या सुमारास मांडलेल्या ‘कॅमेलिऑन’ चौकटीत सांगितल्या आहेत.

रुग्णालयातील केसपेपरचा अर्ज घ्या. ‘जन्मतारीख हवी’ एवढेच मॉडेल सांगते; ती टाइप करायची की कॅलेंडरमधून निवडायची, हा डिझाइनमधला पर्याय असतो. खिडकीवरचा कर्मचारी आकडे भराभर टाइप करतो. घरून मोबाइलवर नोंदणी करणाऱ्या सत्तरीच्या आजींना मात्र कॅलेंडर महिन्यामहिन्याने मागे सरकवत बसावे लागते, आणि त्यांना फक्त जन्मसाल ठाऊक असेल, तर तो अर्ज पुढेच जात नाही. भाषा, अक्षरांचा आकार, उपकरण असे केवळ दहा ‘होय-नाही’ पर्याय धरले, तरी १,०२४ जुळण्या होतात. कोणता पर्याय खुला ठेवायचा आणि कोणता दुसऱ्याबरोबर चालणार नाही, हे ज्यात नोंदवतात ते ‘फीचर मॉडेल’ कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने १९९० मध्ये मांडले. त्यासाठी ‘फीचरआयडीई’ हे साधन मोफत मिळते.

खरी अडचण पुढेच आहे. तयार झालेली स्क्रीन डिझायनरने हाताने सुधारली आणि नंतर मॉडेल बदलून त्यावरून स्क्रीनचा कोड पुन्हा आपोआप तयार केला, की ती सुधारणा बहुधा पुसली जाते. मुलीने एकच अर्ज, दोन उपकरणे आणि दोन भाषा घेऊन, हाताने केलेला बदल मॉडेलमध्ये नियम म्हणून कसा नोंदवता येईल, एवढ्याच प्रश्नावर काम करावे. वर्षभरात तडीस जाईल असा हा आवाका आहे, आणि मुलाखतीत तिला त्यावर ठामपणे बोलता येईल.

या नावाच्या नोकऱ्यांच्या जाहिराती क्वचितच दिसतील, त्यामुळे तिने फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारा भाग घडवण्याची) आणि ‘डिझाइन सिस्टिम’ची कामे शोधावीत, अनेक उत्पादनांना पुरतील असे घटक आणि त्यांचे पर्याय सांभाळणे हेच तिथले रोजचे काम असते. त्यासाठी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा पक्की हवी, त्याला पर्याय नाही.

पुढे शिकायचे असल्यास संगणकशास्त्रातील एमटेकसाठी गेट ही प्रवेश परीक्षा आहे. डिझाइनकडे ओढा असेल, तर पवईच्या आयआयटीतील, १९६९ मध्ये सुरू झालेल्या आयडीसी या डिझाइन विभागाचा एमडेस हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठीची सीड ही प्रवेश परीक्षा शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही देता येते. तीत चित्र काढण्याची कसोटी असते, म्हणून रेखाटनाचा सराव तिने या सुट्टीतच सुरू करावा.