फॉर्म घरी ठेवून जा

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फिनॉमिनॉलॉजी (अनुभव जसा येतो तसा मांडायचा विचार) आणि विरोधविकास यांची सांगड घालून वस्तीत काम कसं करायचं, असं तू विचारलंयस. (डायलेक्टिकसाठीचा 'विरोधविकास' हा जुना शब्द मला फार आवडतो. विरोधातूनच पुढचं उगवतं, हे त्यात आपोआप आलं.) व्याख्या तुला पाठ आहेतच, म्हणून मी नळावरचं सांगते.

माझ्या पहिल्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवर प्रश्न होता : नळाचं पाणी मिळतं का? होय / नाही. दिवसभर फिरून घरोघरी 'होय'वर खूण केली. संध्याकाळी एक मावशी म्हणाल्या, "पाणी बघायचं तर पहाटे या बाई. आत्ता काय दिसणार?"

चार वाजता गेले. नळापाशी मोठं माणूस एकही नाही. रांग मात्र होती : हंडे, कळश्या, तेलाचे रिकामे डबे, एका जागी नुसती वीट. आणि मधे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, निळ्या कॅनच्या मुठीत हात अडकवून बसल्या बसल्या झोपलेली.

फिनॉमिनॉलॉजीचा पाया घालणारा जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल म्हणतो ते इतकंच : जे आधीच कळलंय असं वाटतं ते कंसात, म्हणजे तेवढ्यापुरतं बाजूला ठेव आणि ज्याचा अनुभव आहे त्याला ते कसं दिसतं, ते नीट मांड. फॉर्मवरचं 'होय' खोटं नव्हतं. त्यात पहाट नव्हती, ती मुलगी नव्हती.

इथे बरेच जण थांबतात. अनुभव हळुवारपणे टिपतात, लेख छापून येतो, नळ होता तसाच राहतो. म्हणून त्याच वर्णनात विरोध कुठे दडलाय ते बघायचं. नंबरावरून रोज भांडणं व्हायची. 'इथल्या बायका भांडकुदळच' असं सगळे म्हणत. त्या बायकाही एकमेकींबद्दल तेच म्हणत. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९६० च्या आपल्या मोठ्या ग्रंथात पॅरिसमधली बसची रांग घेतलीय. जागा थोड्या, त्यामुळे रांगेतला प्रत्येक जण दुसऱ्याला जास्तीचा. सगळे एकत्र उभे आणि प्रत्येक जण एकटा. आमच्याकडे तर माणसांच्या जागी भांडीच उभी होती! प्रत्येकीला चोर वाटायची ती पुढच्या नंबरची बाई. व्हॉल्व्ह कोण फिरवतं आणि पलीकडच्या सोसायटीची टाकी आधी का भरते, हे त्या रांगेत उभं राहून दिसत नव्हतं.

या दोन विचारांना जोडायची सगळ्यात चिवट खटपट केली व्हिएतनामचे तत्त्वज्ञ त्रान डुक थाओ यांनी. १९४६ मध्ये पॅरिसमध्ये छापलेल्या लेखात ते दाखवतात, की वसाहतीतली तीच वस्तुस्थिती फ्रेंच माणूस एका क्षितिजातून बघतो आणि व्हिएतनामी दुसऱ्या, म्हणून नुसत्या वादाने समजूत पटत नाही. पुढे १९५१ च्या पुस्तकात ते हुसर्लकडून द्वंद्वात्मक भौतिकवादाकडे, म्हणजे मार्क्सवादी विरोधविकासाकडे गेले, मग मायदेशी परतले. तिथे १९५८ मध्ये त्यांना जाहीर आत्मटीका करायला लावली आणि शिकवणं सुटलं. ज्या क्रांतीसाठी परतले तिच्याच राजवटीत. मला हे वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

पण कृतीने काय दिसू लागतं ते समजायला लांब जायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा १९२३ चा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला, १९२४ ला महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर 'होय' पडलं. ओंजळ पाण्यात गेली ती २० मार्च १९२७ ला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. विरोध किती खोल मुरलेला आहे ते त्या ओंजळीनंतर उघड्यावर आलं आणि डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेब मनुस्मृतीच्या दहनापर्यंत गेले. पाण्याचा प्रश्न नुसता पाण्याचा उरला नाही.

आमच्या वस्तीतल्या बायका एका सकाळी रिकामी भांडी घेऊन वॉर्ड ऑफिसला रांगेत जाऊन बसल्या. भांडकुदळ म्हणवल्या जाणाऱ्या, त्याच. दुसरा नळ मिळाला. मी अहवालात 'यशस्वी' लिहिलं आणि पहाटे जायचं बंद केलं. माझी चूक ती. सहा महिन्यांनी कळलं, की नवा नळ वस्तीतल्या एका वजनदार माणसाच्या दाराशी बसवलाय आणि खालच्या आळीतल्या बायकांना 'तुम्ही मागनं या' म्हणतात. फॉर्म भरला असता तर पुन्हा 'होय'च आलं असतं.

'मी त्या वस्तीतला नाही, मग मला बोलायचा अधिकार काय?' हे तू पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस. मला तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. अनुभव दलितांचा आणि सिद्धान्त मांडणारे दुसरेच, या वाटणीवर राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंनी नेमकं बोट ठेवलंय. त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, एक सवय आहे : लिहिलेलं ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचून दाखवायचं आणि त्या खोडतील ते खोडायचं.

पहाटेचं वर्णन मी मावशींना वाचून दाखवलं होतं. विटेबद्दल लिहिलं होतं, 'कुणीतरी कंटाळ्याने ठेवलेली'. मावशी हसल्या. "वीट माझी हाय. हंडा एकच हाय घरात, त्यात रात्रीचं पाणी असतंय. रांगेत काय ठेवू?"

तुझी,
मावशी (तू म्हणतोस तीच)